पहिला स्टॉक स्क्रीन कसा लावावा, आणि तो कुठे फसवतो

मुंबई शेअर बाजारात पाच हजारांहून जास्त कंपन्यांची नोंद आहे. नोकरी किंवा दुकान सांभाळून एवढ्यांचे ताळेबंद कुणी वाचू शकत नाही. म्हणून स्क्रीन लावायचा. आपण अटी द्यायच्या, त्यांत न बसणाऱ्या कंपन्या संगणक बाजूला काढतो आणि उरलेल्या चाळीस-पन्नास नावांवर आपला वेळ जातो. नकार द्यायला स्क्रीन फार चांगला, होकार द्यायला कच्चा. नवखा माणूस नेमकं उलटं करतो: स्क्रीनमधून पहिली दहा नावं उचलतो आणि त्यालाच पोर्टफोलिओ म्हणतो.

बडोद्यातल्या मराठी घरांत शेअर हा विषय नवा नाही. सयाजीगंजात एके काळी शहराचं स्वतःचं स्टॉक एक्स्चेंज होतं. बँक ऑफ बडोदा, खतांची जीएसएफसी, औषधांची अलेम्बिक ही नावं घरातल्या कुणाच्या तरी नोकरीमुळे ओळखीची असतात. या ओळखीचा धोका मोठा आहे. पगार, पीएफ आणि डीमॅटमधले शेअर असं सगळंच एका कंपनीवर उभं असेल, तर ती अडचणीत आली की तिन्ही एकदम हलतात. स्क्रीनला ओळख नसते, आणि तिथेच त्याचा पहिला खरा उपयोग आहे. खाली स्क्रीन लावायची रीत दिली आहे आणि याच ओळखीच्या कंपन्या त्यातून घातल्यावर काय होतं तेही. यातली कुठलीही कंपनी घ्या किंवा विका असं सांगायचा हेतू नाही.

ढीग आधी ठरवा

स्क्रीनर डॉट इनसारख्या कुठल्याही साइटवर खातं उघडलं की अटी लिहायची चौकट मिळते. तिथे थेट नफ्याच्या अटींनी सुरुवात करू नका. कुठल्या ढिगातून चाळायचं ते आधी ठरवा.

मार्केट कॅप, म्हणजे भाव गुणिले एकूण शेअर, एक हजार कोटींच्या वर ठेवा. त्याखालीही चांगल्या कंपन्या असतात, पण तिथल्या आकड्यांची पारख करायला अनुभव लागतो. तुलनेसाठी लक्षात ठेवा: म्युच्युअल फंडांच्या वर्गवारीत मार्केट कॅपनुसार पहिल्या १०० कंपन्या लार्ज कॅप, १०१ ते २५० मिड कॅप आणि २५१ पासून पुढच्या स्मॉल कॅप.

दुसरी अट रोजच्या उलाढालीची, रुपयांत. सरासरी किमान एक कोटी धरा. तुम्ही २५ हजारांचेच शेअर घेणार असलात, तरी ज्यात दिवसाला दोन लाखांचेच सौदे होतात तिथे तुमचा सौदा दिवसाच्या साडेबारा टक्के होतो. घेताना भाव वर जातो, विकताना खाली. पडत्या बाजारात तर लोअर सर्किट, म्हणजे दिवसातल्या घसरणीची कमाल मर्यादा, लागून गिऱ्हाईकच मिळत नाही. ट्रेड-टू-ट्रेड गटातले (जिथे प्रत्येक सौद्याची डिलिव्हरी सक्तीची) आणि एक्स्चेंजच्या विशेष निगराणीच्या यादीतले शेअर पहिल्या वर्षी सरळ वगळा. ही यादी स्क्रीनमध्ये बहुधा दिसत नाही, एक्स्चेंजच्या साइटवर वेगळी पाहावी लागते.

तिसरी अट, बाजारात किमान पाच वर्षं नोंदलेली कंपनी. आयपीओच्या, म्हणजे पहिल्या जाहीर विक्रीच्या, आधीची दोन-तीन वर्षं बहुतेक कंपन्यांच्या आकड्यांत देखणीच असतात.

‘भाव शंभर रुपयांच्या आत’ ही अट मात्र कधीच घालू नका. ४० रुपयांचा शेअर महाग असू शकतो आणि ४,००० चा स्वस्त. भावाला एकूण शेअरच्या संख्येने गुणल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही.

बँका, वित्तसंस्था आणि विमा वेगळे काढा

हे पहिल्याच दिवशी करायचं. ‘डेट टू इक्विटी ०.५ च्या आत’, म्हणजे कर्ज स्वतःच्या भांडवलाच्या निम्म्याहून कमी, अशी अट लावली की बँक ऑफ बडोदा बाहेर फेकली जाते, आणि तिच्यासोबत देशातली प्रत्येक बँक. बँकेचा कच्चा मालच उसना पैसा असतो. ठेवी तिच्या ताळेबंदात देणं म्हणूनच दिसतात, त्यामुळे कर्जाचं गुणोत्तर दहाच्या वर असणं तिथे नेहमीचं. बँकेला निव्वळ एनपीए (तरतूद वजा करून उरलेली थकीत कर्जं), भांडवल पर्याप्तता (जोखमीच्या मानाने स्वतःचं भांडवल किती), व्याजातला निव्वळ फरक म्हणजे निम, आणि बुक व्हॅल्यूच्या, म्हणजे देणी वजा जाता शेअरमागे उरणाऱ्या मालमत्तेच्या, किती पट भाव आहे, या अटी लावायच्या. आरओसीई, म्हणजे स्वतःचं आणि कर्जाचं मिळून एकूण भांडवलावरचा व्याज-कराआधीचा परतावा, तिथे निरर्थक आहे.

बँक ऑफ बडोदाच्या आकड्यांत आणखी एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. १ एप्रिल २०१९ ला विजया बँक आणि देना बँक तिच्यात विलीन झाल्या. त्यामुळे २०१९-२० च्या उत्पन्नात एकदम उडी दिसते. ती वाढ शाखांनी कमावलेली नव्हती, दोन बँकांचे ताळेबंद जोडल्याची होती. पाच वर्षांच्या वाढीची अट लावताना त्या कालखंडात असं वर्ष आलं, तर स्क्रीन खोटी वाढ खरी धरतो. विलीनीकरण, डीमर्जर (कंपनीचा एक भाग वेगळा होणं), मोठी खरेदी, आर्थिक वर्ष बदलणं, या सगळ्यांत हेच होतं. वाढीच्या अटीतून वर आलेल्या प्रत्येक कंपनीचं वर्षागणिक उत्पन्न एकदा डोळ्यांखालून घाला. एकाच वर्षी पायरी दिसली की कारण शोधा.

अटी पाचच, पण वेगवेगळ्या प्रश्नांच्या

नवखा माणूस पंधरा अटी लावतो आणि तीन कंपन्या उरल्या की त्या फार भारी आहेत असं समजतो. आरओई (फक्त स्वतःच्या भांडवलावरचा निव्वळ परतावा), आरओसीई, नफ्याचं प्रमाण आणि मालमत्तेवरचा परतावा या चार अटी प्रत्यक्षात जवळपास एकच प्रश्न चार वेळा विचारतात. त्यातून यादी आयटी, एफएमसीजी आणि औषधं यांनीच भरते. प्रत्येक अट वेगळ्या प्रश्नाची हवी.

धंदा भांडवलावर किती कमावतो? आरओसीईची पाच वर्षांची सरासरी १५ टक्क्यांच्या वर. आरओई घेऊ नका, का ते आकड्यांत पाहा. दोन कंपन्या, दोघींचं भांडवल १०० कोटी, व्याज आणि कराआधीचा नफा २४ कोटी. पहिलीचं सगळं भांडवल स्वतःचं. २५ टक्के कर गेला, १८ कोटी उरले, आरओई १८ टक्के. दुसरीचे स्वतःचे ४० कोटी, कर्ज ६० कोटी. दहा टक्क्यांनी व्याज ६ कोटी, उरलेल्या १८ वर कर जाऊन साडेतेरा कोटी. आरओई पावणेचौतीस टक्के! धंदा तोच, आरओसीई दोघींचा २४ टक्के, फक्त जोखीम जास्त, आणि आरओईची अट नेमकी जोखीमवालीला वर चढवते.

कर्ज झेपतंय का? बँकांखेरीज डेट टू इक्विटी ०.५ च्या आत, आणि व्याजाच्या किमान चौपट कमाई.

नफ्याचा पैसा हातात येतो का? पाचांतली सर्वांत मोलाची अट हीच, आणि सर्वांत कमी वापरली जाणारीही. पाच वर्षांचा धंद्यातून आलेला रोखप्रवाह एकत्र करा, पाच वर्षांचा निव्वळ नफा एकत्र करा, पहिल्याला दुसऱ्याने भागा. ०.८ च्या वर हवं. एकाच वर्षाचं पाहू नका, कारण मार्चअखेर एखादं मोठं येणं अडकलं तर चांगली कंपनीही नापास होते. पाच वर्षांतही ०.५ च्या खाली असेल, तर बहुधा विक्री कागदावर होते आहे आणि वसुली होत नाही; कारण शोधायलाच हवं.

धंदा वाढतोय का? विक्रीची पाच वर्षांची वाढ दरवर्षी ८ टक्के किंवा जास्त. नफ्याची वाढ घेऊ नका. २ कोटींचा नफा २० कोटी झाला की वाढ डोळे दिपवते, पण बहुतेक वेळा ते २ कोटींचं वर्षच वाईट गेलेलं असतं.

प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनीची सूत्रं हातात असलेल्या मालकांनी, शेअर गहाण टाकलेत का? गहाण ५ टक्क्यांच्या आत. ‘प्रवर्तकांचा वाटा ५० टक्क्यांच्या वर’ ही अट सगळीकडे सुचवलेली दिसते, ती लावू नका. आयटीसी आणि लार्सन अँड टुब्रो यांना प्रवर्तकच नाहीत, त्या विनाकारण जातात.

पीई, म्हणजे भाव भागिले शेअरमागचा नफा, या पाचांत मुद्दाम नाही. भावाचा विचार शेवटी, यादी वाचून झाल्यावर. लावायचाच असेल तर ‘पीई शून्याच्या वर’ अशी जोड द्या, नाहीतर काही ठिकाणी तोट्यातल्या कंपन्या उणे पीई घेऊन ‘१५ च्या आत’ बसून येतात.

प्रत्येक अट लावल्यावर किती कंपन्या उरल्या ते वहीत लिहा. नऊशेवरून सहाशे, सहाशेवरून साडेतीनशे अशी उतरण ठीक. एका अटीने साडेतीनशेच्या एकदम बारा झाल्या, तर अट कडक आहे असं मानण्याआधी डेटा तपासा. त्या रकान्यात आकडाच नसला तरी कंपनी नापास होते. आकडे स्वतंत्र कंपनीचे आहेत की उपकंपन्या धरून एकत्रित, तेही इथेच पाहा. एकत्रितच घ्या.

कड्यावरच्या कंपन्या

१५ टक्क्यांची अट १४.८ ला बाहेर काढते आणि १५.१ ला आत घेते. या दोघींत धंद्याचा काहीच फरक नाही. यावर सोपा उपाय आहे. सगळ्या अटी दहा-पंधरा टक्क्यांनी सैल करून स्क्रीन पुन्हा लावा, दोन्ही याद्या शेजारी ठेवा. जी कंपनी चार अटींत उत्तम आणि एकीत थोडक्यात हुकली, ती वाचायच्या यादीत घ्या. पाचही अटींत जेमतेम काठावर बसलेलीपेक्षा ती बहुधा बरी असते.

ओळखीच्या कंपन्या घालून पाहा

गुजरात अल्कलीज, म्हणजे रणोलीची जीएसीएल. मुख्य माल कॉस्टिक सोडा. त्याचा भाव जगाच्या बाजारात ठरतो, कंपनीच्या हातात नाही. २०२२-२३ मध्ये चांगला नफा होता, २०२३-२४ मध्ये तोटा. असा शेअर ‘स्वस्त’ स्क्रीनमध्ये नेमका चुकीच्या वेळी येतो. कल्पित आकडे घ्या: भाव ६००, शेअरमागे नफा १००, पीई ६. स्क्रीन म्हणतो फार स्वस्त. पुढच्या वर्षी मालाचा भाव पडतो, नफा १५ वर येतो. शेअर घसरून ४०० झाला तरी पीई जवळपास २७! आता स्क्रीन म्हणतो महाग. रसायनं, पोलाद, साखर, सिमेंट यांना चालू वर्षाचा पीई लावू नका. सात ते दहा वर्षांच्या सरासरी नफ्याने भावाला भागा. यात चांगलं आणि वाईट अशी दोन्ही वर्षं येतात.

जीएसएफसी, फर्टिलायझरनगरची. इथे दोन गाठी आहेत. खतावरचं अनुदान केंद्र सरकारकडून येतं, आणि ते उशिरा आलं की येणी फुगतात, त्या वर्षीचा रोखप्रवाह कोसळतो. म्हणून वर रोखप्रवाहासाठी पाच वर्षांची बेरीज सांगितली. दुसरी गाठ ताळेबंदात आहे. कंपनीकडे गुजरातच्या इतर सरकारी कंपन्यांचे शेअर मोठ्या प्रमाणात आहेत. त्यांचा बाजारभाव वाढला की कंपनीची नक्त मालमत्ता वाढते, बुक व्हॅल्यू वाढते, आणि खत-रसायनांच्या धंद्यातला नफा तेवढाच असल्याने भांडवलावरचा परतावा उतरलेला दिसतो. परिणामी तीच कंपनी बुक व्हॅल्यूच्या स्क्रीनमध्ये स्वस्त दिसते आणि परताव्याच्या स्क्रीनमध्ये नापास होते. कंपनी कशी आहे हे दोन्ही स्क्रीन सांगत नाहीत. त्यासाठी गुंतवणुका बाजूला काढून धंद्याचं भांडवल वेगळं मोजावं लागतं.

अलेम्बिक १९०७ पासूनची. नवखे इथे हमखास गोंधळतात, कारण नोंदलेल्या कंपन्या दोन आहेत: अलेम्बिक लिमिटेड आणि अलेम्बिक फार्मास्युटिकल्स. लिमिटेडकडे फार्माचे सुमारे २८ टक्के शेअर आहेत. फार्माच्या नफ्यातला तेवढा हिस्सा लिमिटेडच्या एकत्रित नफ्यात जमा दिसतो, पण हातात येतो फक्त लाभांश. म्हणून लिमिटेडचा पीई कमी दिसतो आणि रोखप्रवाहाची अट मात्र ती नापास होऊ शकते. यात लबाडी कसलीच नाही, हिशेबाची रीतच तशी आहे. दुसऱ्या कंपनीचा मोठा वाटा धरून बसलेल्या कंपन्यांना धारक कंपनीच्या सवलतीने, म्हणजे हातातल्या शेअरच्या किमतीपेक्षा कमी भावात, विकलं जातं, तो भाव वेगळ्या मापाने पाहायचा.

मकरपुऱ्याची व्होल्टँप ट्रान्सफॉर्मर्स पाहा. कर्ज नाही, कर्जाची अट सहज पार. मात्र शिल्लक पैसा गुंतवलेला असल्यामुळे नफ्यात इतर उत्पन्न येतं. अशा वेळी नफ्यातून इतर उत्पन्न वजा करून मुख्य धंद्याचा आकडा काढा. जमीन विकून एका वर्षी मोठा नफा दाखवणाऱ्या कंपन्याही याच वजाबाकीत पकडल्या जातात.

स्क्रीनला जे दिसतच नाही

स्क्रीन कंपनीने दिलेले आकडे वाचतो. आकडेच खोटे असले तर तो खोट्यालाच पहिला नंबर देतो. ७ जानेवारी २००९ ला सत्यम या आयटी कंपनीच्या अध्यक्षांनी कबुली दिली, त्यात ताळेबंदातली ५,०४० कोटींची रोख आणि बँक शिल्लक मुळात नव्हतीच असं म्हटलं होतं. आदल्या दिवशी कमी कर्ज आणि भरपूर रोख अशा अटींचा स्क्रीन लावला असता, तर ती त्यात बसली असती. त्यातून एक सोपी तपासणी शिकण्यासारखी आहे. कंपनीला मिळालेलं व्याज भागिले तिची वर्षभराची सरासरी रोख शिल्लक. मुदतठेवीचा दर ६-७ टक्के असताना हे उत्तर २ टक्के येत असेल, तर रोख आहे कुठे, हा प्रश्न विचारायलाच हवा. चालू खात्यात पडलेली असू शकते, पण खुलासा अहवालात सापडला पाहिजे.

म्हणून उरलेल्या यादीतल्या प्रत्येक कंपनीला दोन-तीन तास द्या. वार्षिक अहवाल मागच्या पानांपासून वाचायला घ्या. लेखापरीक्षकांचा अहवाल, त्यातल्या हरकती. लेखापरीक्षक मुदतीआधी सोडून गेले का? संबंधित पक्षांशी व्यवहार, म्हणजे प्रवर्तकांच्या खासगी कंपन्यांना दिलेली कर्जं आणि आगाऊ रकमा. संभाव्य देणी नक्त मालमत्तेच्या किती टक्के? पुढचं चकचकीत, फोटोंचं प्रकरण शेवटी वाचलं तरी चालतं.

यादीचा पोर्टफोलिओ करताना

इथे स्क्रीन पूर्ण मुका आहे. कोण किती घ्यायचं, कोण कुणासोबत पडतं, हे तो सांगत नाही. समजा वाचून झाल्यावर २५ नावं उरली आणि हाताशी ५ लाख आहेत. सहा महिन्यांच्या खर्चाचा पैसा त्याबाहेर, बँकेत. १८ कंपन्यांचे शेअर, प्रत्येकी सुमारे २८ हजार, सुरुवातीला सारखं वजन. कुठल्याही एका क्षेत्रात २० टक्क्यांहून जास्त नको, म्हणजे एक लाख, म्हणजे तीन शेअर. यादीत औषधांच्या सात कंपन्या असतील तर चार चांगल्या कंपन्या सोडून द्याव्या लागतील. हे मनाला पटत नाही, तरी करा. क्षेत्र ठरवताना साइटवरचं लेबल पुरेसं नाही. रंग, टायर आणि प्लास्टिक पाइप ही तीन क्षेत्रं दिसतात, पण तिन्हींचा कच्चा माल खनिज तेलाशी बांधलेला आहे.

एवढा वेळ द्यायला जमणार नसेल तर नियमांवर चालणारा इंडेक्स फंड हा सरळ पर्याय आहे. निफ्टी २०० क्वालिटी ३० हा निर्देशांक म्हणजे एक स्क्रीनच आहे: आरओई, कर्जाचं गुणोत्तर आणि नफ्यातली चढउतार यांवर २०० मधून ३० निवडतो आणि जून-डिसेंबरमध्ये यादी बदलतो. वरच्या आरओईच्या उदाहरणातली खोट तिथे कर्जाची अट बऱ्याच अंशी भरून काढते.

पुन्हा कधी लावायचा

तिमाही निकाल ४५ दिवसांत आणि वार्षिक निकाल ६० दिवसांत, म्हणजे ३० मेपर्यंत जाहीर करायचे असतात. भागधारणेचा तक्ता तिमाही संपल्यावर २१ दिवसांत येतो. म्हणून स्क्रीन जूनच्या मध्यात लावा, अहवाल ऑगस्टपर्यंत हाती येतात तेव्हा वाचा, आणि नोव्हेंबरअखेर एकदा उजळणी करा. दर आठवड्याला लावलात तर फक्त भावच बदललेला असतो.

मागच्या वर्षांवर स्क्रीन तपासून पाहताना हीच तारीख आडवी येते. मार्चचे आकडे घेऊन १ एप्रिलच्या भावाने खरेदी दाखवली की परतावा छान येतो, पण ते आकडे १ एप्रिलला कुणाकडेच नव्हते. शिवाय आजच्या यादीतून मागे पाहिलं की बुडालेल्या आणि बाजारातून उठून गेलेल्या कंपन्या त्यात नसतातच. त्यापेक्षा आजची यादी तारीख घालून वहीत चिकटवा, नाकारलेल्या वीस नावांसकट, आणि पुढच्या जूनला दोन्ही पाहा.

बाहेर काढायची अट आत घ्यायच्या अटीपेक्षा सैल ठेवा. आरओसीई १५ ला आत, ११ च्या खाली गेला तरच बाहेर. नाहीतर दर फेरीला काठावरचे शेअर आत-बाहेर होतात आणि खर्च वाढतो. डिलिव्हरीच्या घेण्यावर आणि विकण्यावर प्रत्येकी ०.१ टक्का एसटीटी (सौद्यावरचा कर), विकताना डीपी चार्ज (डीमॅट खात्याची फी), आणि मग कर. २८ हजारांचा शेअर ३३ हजार झाला आणि अकराव्या महिन्यात विकला, तर ५ हजारांच्या नफ्यावर २० टक्क्यांनी एक हजार आणि वर सेस. बारा महिने उलटून विकला आणि वर्षभरातला असा एकूण दीर्घकालीन नफा सव्वा लाखाच्या आत राहिला, तर कर शून्य. त्याच्या वर साडेबारा टक्के. तेव्हा लेखापरीक्षक, गहाण किंवा वसुली बिघडल्यामुळे विकायचं असेल तर महिना मोजू नका. आरओसीई थोडा उतरला म्हणून विकत असाल, तर आधी डीमॅटमधली खरेदीची तारीख पाहा.